माळ्यावरचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या परभणी जिल्ह्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे चारठाण्याची मंदिरे उभी राहतात, किंवा वालूरची चक्राकार बारव. शेकडो वर्षे लोटली की दगडालाही मान मिळतो. परंतु जी वस्तू आपल्याच डोळ्यांदेखत जुनी झाली, तिला आपण इतिहास मानीत नाही. ती प्रथम माळ्यावर जाते आणि एके दिवशी माळ्यावरून भंगारवाल्याच्या गाड्यावर. 1980 नंतरच्या दोन दशकांतील घरगुती संगणक आणि टीव्हीला जोडून खेळावयाचे व्हिडिओ गेम यांची गत अशीच झाली आहे. ही यंत्रे शोधून, दुरुस्त करून पुन्हा चालती करणारे हौशी लोक जगभर आहेत, आपल्या देशातही आहेत. त्यांच्या या छंदाला पोरखेळ म्हणावे की इतिहासाची सेवा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगतो. 23 एप्रिल 1982 रोजी इंग्लंडमध्ये सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा संगणक बाजारात आणला. आकाराने जाडजूड पुस्तकाएवढा, रबरी कळांचा, आणि किंमत 125 पौंडांपासून पुढे. पडदा म्हणून घरातलाच टीव्ही आणि साठवणुकीसाठी घरातलाच टेपरेकॉर्डर! संगणक म्हणजे बँकेतील वा प्रयोगशाळेतील खोलीभर यंत्र, ही समजूत अशा यंत्रांनी मोडली. आपल्या देशात नोव्हेंबर 1984 मध्ये नवे संगणक धोरण जाहीर झाले आणि आयातीची बंधने सैल झाली. त्याच सुमारास सरकारने सुमारे 250 शाळांतून ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली व तिच्यासाठी ‘बीबीसी मायक्रो’ हे इंग्रजी यंत्र निवडले. पुढे त्याच दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रमची सुधारित आवृत्ती परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने विकली. म्हणजे घरगुती संगणकाच्या या कथेतले एक प्रकरण महाराष्ट्रातच घडले आहे.

या यंत्राची स्मृती 48 किलोबाइट, म्हणजे 49,152 अक्षरांची. त्यातील 6,912 अक्षरांची जागा एकटा पडदाच खाई. उरलेल्या जागेत सारा कारभार! प्रोग्रॅम टेपवर आवाजाच्या रूपाने साठविलेला असे. तो किंचाळता आवाज चार-पाच मिनिटे ऐकावा तेव्हा कुठे खेळ सुरू होई. मध्येच वीज गेली तर तासभर टाइप केलेले सर्व काही पुसले जाई. मात्र एक गोष्ट फार मोलाची होती. यंत्र सुरू करताच ते तुमच्या आज्ञेची वाट पाहत बसे. बेसिक भाषेतील आज्ञा त्याच्या कळांवरच छापलेल्या होत्या. काही करून घ्यावयाचे तर ते त्याला शिकविणे भाग होते, आणि ते शिकविता शिकविता मूल स्वतः शिके. आजचा मोबाइल हजारो पटींनी सामर्थ्यवान आहे, पण तो मुलाकडून अशी कसलीच अपेक्षा धरीत नाही.

व्हिडिओ गेमची वाट निराळी. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी ‘फॅमिकॉम’ हे यंत्र काढले. त्याच्या स्वस्त नकला 1990 नंतर आपल्या बाजारांतून आल्या, आणि एका पिढीची उन्हाळी सुटी ‘मारिओ’ नि ‘कॉन्ट्रा’ यांच्या संगतीत गेली. खेळाच्या डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. ती चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारीत. वास्तविक फुंकरीतील ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. त्याच संचातील बंदुकीने पडद्यावरची बदके टिपता येत. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतील काचेचा डोळा तो उजेड हेरी. हा मेळ जुन्या पिक्चर ट्यूबवर बसविलेला होता. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते, म्हणून नेम लागतच नाही. बंदूक जपली आणि जुना टीव्ही फेकून दिला, तर बंदूकही मुकी होते.

कोणी म्हणेल, हे सर्व खेळ आता नव्या संगणकावर एम्युलेटर नावाच्या प्रोग्रॅमने खेळता येतात. मग खोके कशाला सांभाळावे? आक्षेप रास्त आहे, आणि एम्युलेटरचे उपकारही मोठे आहेत. पण नक्कल बरोबर आहे की नाही हे ठरविण्यास अस्सल जवळ असावे लागते. ताम्रपटाचा ठसा कितीही चांगला घेतला, तरी वाद पडला की मूळ पत्राच पाहावा लागतो. शिवाय ताम्रपट पेटीत पडून राहिला तरी वाचता येतो. यंत्र मात्र चालू स्थितीत असेल तरच वाचता येते. म्हणून ते दुरुस्त करणारा हा एका अर्थी त्याचा वाचकच होय.

आणि हे वाचन दिवसेंदिवस अवघड होत आहे. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर रबर चिरते, टेप चिकटते, कपॅसिटर सुकतात. स्पेक्ट्रमच्या हृदयस्थानी असलेला झेड-80 प्रोसेसर 1976 पासून बनत होता. झायलॉग कंपनीने त्याच्या मूळ स्वरूपाच्या शेवटच्या मागण्या 2024 मध्ये घेतल्या. इंग्लंड-जपानातील यंत्रांचा इतिहास तिकडचे लोक लिहितील. पण आपल्याकडे ही यंत्रे कोणाच्या घरी आली, कोणी कोणाकडून शिकले, वहीत कोणते प्रोग्रॅम उतरवून घेतले, हे आपल्याखेरीज कोण लिहिणार?

म्हणून एक विनंती करून थांबतो. या सुटीत माळा आवरताना असे एखादे खोके सापडले, तर ते वजनावर विकू नका. लगेच विजेलाही जोडू नका. आधी जाणकाराकडून त्याचा पॉवर सप्लाय तपासून घ्या. त्याबरोबरच्या टेपा, पावती, हाताने लिहिलेली वही हे सारे एकत्र ठेवा, आणि ते घरात कधी आले ते एका कागदावर लिहून आत घाला. बारवेचा गाळ उपसायला सारा गाव लागतो. या कामाला घरातले एक माणूस आणि एक दुपार पुरेशी आहे.