हलंताचा ‘विराम’ झाला तेव्हा

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी विश्रांतवाडीवरून पुण्यात शिरते. ‘विश्रांत’ काय आणि ‘विराम’ काय, मराठी कानाला दोन्हींत थांबणेच ऐकू येते. संगणकाच्या देवनागरीत मात्र ‘विराम’ थांबवत नाही, जोडतो.

१९९१च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात अक्षराचा पाय मोडणाऱ्या खुणेचे नाव होते हलंत. इनस्क्रिप्ट कळफलकावर ती ‘डी’च्या कळीवर असते; क, हलंत, य दाबले की ‘क्य’ उमटतो. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवरून घेतली, पण या खुणेला संस्कृत व्याकरणातले नाव दिले: विराम. क्रमांक ०९४डी.

कोडमध्ये नुसता ०९४डी लिहिण्यापेक्षा स्थिरांकाला नाव देणे केव्हाही बरे. पण ‘विराम’ वाचून मराठी प्रोग्रामरला पूर्णविराम आठवला तर? ‘विराम आहे’ नावाच्या फ्लॅगवरून वाक्य संपले की जोडाक्षर सुरू झाले, हेही कळत नाही.

युनिकोडमध्ये एकदा दिलेले नाव बदलत नाही. एका कंसाच्या नावात ‘ब्रॅकेट’चे स्पेलिंग चुकले, तेही तसेच राहिले, शेजारी दुरुस्त उपनाव जोडले गेले. ०९४डीखालीही ‘हलंत’ अशी टीप आहे. आपल्या फाइलीत तेच नाव लिहायला मात्र कुणाची आडकाठी नाही.