उन्हाळी बांधकाम-प्रशिक्षण : शहापूर व मुरबाड

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्यक्ष बांधकामावर राहून, तेथील अभियंत्याच्या हाताखाली घेतलेले शिक्षण. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके या दृष्टीने लक्षणीय आहेत. लोहमार्ग, घाटरस्ते, धरणे अशी मोठी कामे या परिसरात दीडशेहून अधिक वर्षे होत आली असून मुंबई, ठाणे व कल्याण येथील विद्यार्थ्यांना ती जवळ पडतात.

भारतात हे शिक्षण कामावरून महाविद्यालयात गेले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. रूडकी येथील संस्था (१८४७) गंगा कालव्याच्या गरजेतून, तर पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग (१८५४) सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरविण्यासाठी निघाला. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग शहापूर तालुक्यात शिरत होता. तो १८५५ मध्ये वासिंदपर्यंत व १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचला आणि थळ घाट चढून १८६५ मध्ये इगतपुरीस गेला. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली (मृत्यू १८६२) याच्या नावे ठेवलेले पारितोषिक १८८३ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना मिळाले. पुढच्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि खानदेशात पांझरा नदीपार पाणी नेणाऱ्या नळाच्या कामावर, नदीच्या पुराशी झगडत, त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले.

तानसा (१८९२), वैतरणेवरील मोडकसागर (१९५७), बारवी (१९७२) व भातसा (१९८३) या धरणांमुळे हा परिसर मुंबई व ठाणे परिसराच्या पाणीपुरवठ्याचे मुख्य क्षेत्र बनला. कोकणातील बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन मृगाच्या पावसाबरोबर संपत असे. विद्यार्थ्याची सुटी नेमकी या हंगामाच्या अखेरीस येते. पाया जोत्यापर्यंत आणणे, मोऱ्या पुऱ्या करणे, भराव दाबून घेणे या सर्वांची मे महिन्यात घाई असते. शिकविण्यास कोणास सवड नसते. पण काम कोठे आणि का अडते, हे याच दिवसांत सर्वांत स्पष्ट दिसते. तलेक्षण, सळयांची मोजणी, मोजमाप पुस्तकातील नोंदी व मजुरांची हजेरी ही कामे नवख्याकडे येतात. काँक्रीटचे १५ सेंमी. बाजूचे घन ७ व २८ दिवसांनी तपासतात. त्यामुळे सहा आठवड्यांच्या मुक्कामात पहिल्या पंधरवड्यात ओतलेल्या घनांचाच अंतिम निकाल विद्यार्थ्यास पाहता येतो. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारणे हा पुस्तकातील सोपा नियम येथे अवघड होतो. धरणांच्या या तालुक्यात, शहापुरात, अनेक पाड्यांना एप्रिल-मेमध्ये पिण्याचे पाणीही टँकरने पुरवावे लागते. नव्या भिंतीवर ओतले जाणारे पाणी आणि हंड्यांची रांग ही दोन्ही एकाच वाडीत दिसतात. कामावरील बिगारी पुष्कळदा अशाच ठाकूर-कातकरी पाड्यांतून आलेला असतो.

पूर्वी हे प्रशिक्षण बहुतांशी ओळखीने व हौसेने होई. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने २०१७-१८ पासून लागू केलेल्या पदविका अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण घातले. पदवी अभ्यासक्रमांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. सक्तीमुळे संधी वाढल्या, तसे कामावर पाऊल न ठेवता मिळणारे प्रमाणपत्रही सोपे झाले.

विद्यार्थ्याचा कायदेशीर दर्जा मात्र संदिग्धच राहिला. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील करारबद्ध उमेदवारास विद्यावेतन मिळते आणि अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा हक्क असतो. सुटीतील प्रशिक्षणार्थी सामान्यतः या करारात नसतो. शिरस्त्राण व सुरक्षापट्टा त्यास मिळेल की नाही, हे बरेचसे कंत्राटदाराच्या शिस्तीवर अवलंबून राहते. समृद्धी महामार्गाच्या बांधकामात शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या रात्री तुळया उचलून बसविणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. हा अपघात भर पावसाळ्यात घडला. यंत्रसामग्रीमुळे मोठी कामे आता मृगाला थांबत नाहीत. सुटी तेवढी जुन्या हंगामाप्रमाणे जूनमध्ये संपते.