प्रश्नकर्ता वाचक : ‘समाजस्वास्थ्य’ आणि सर्वसमावेशक लैंगिक शिक्षणाची पूर्वपरंपरा

मराठीतील लैंगिक शिक्षणाचा इतिहास बहुधा संततिनियमनाचा इतिहास म्हणून मांडला जातो. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडणाऱ्या आणि या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी गमवावी लागलेल्या र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांचे स्थान या मांडणीत अढळ आहे. तथापि जुलै १९२७ पासून त्यांनी मृत्यूपर्यंत चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील प्रश्नोत्तरांचा वाङ्मयप्रकार म्हणून विचार केल्यास एक वेगळे सूत्र हाती लागते. समलिंगी आकर्षणाचा विषय येथे केवळ नीतिनिबंधातून वा विनोदातून न येता वाचकाच्या प्रश्नातून येतो. ज्याच्याविषयी बोलले जात होते, तो येथे स्वतः विचारू लागला.

हा बदल किती मूलगामी होता, हे १९३४ च्या खटल्यावरून दिसते. अश्लीलतेचा आरोप ज्या मजकुरावर ठेवला गेला, त्यात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे होती. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. असल्या प्रश्नांना उत्तरे छापण्याची गरजच काय, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे, की विकृती मानली तरी तिच्यावर ज्ञानावाचून उपाय नाही. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. न्यायालयाने कर्व्यांना २०० रुपये दंड केला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम तेव्हा अमलात होते, हे लक्षात घेता त्या प्रश्नकर्त्याचे धाडस आणि उत्तरदात्याचे उत्तरदायित्व दोन्ही अधिक उठून दिसतात.

पुढील काळात ललित साहित्याने ही व्यक्ती रंगविली. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) मध्ये स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम रंगभूमीवर आले. पण त्या नायिकेच्या वाट्याला आत्मनाश आला, कारण तिच्याभोवती प्रश्न समजून घेणारे कोणी नव्हते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६) पर्यंत निवेदनाचा अधिकार त्या व्यक्तीकडे आला. पुण्यात २००२ मध्ये स्थापन झालेल्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी ‘मानवी लैंगिकता : एक प्राथमिक ओळख’ या पुस्तकाद्वारे कर्व्यांचे शास्त्रीय निरूपण नव्या परिभाषेत पुढे नेले.

शाळेचा इतिहास मात्र उलट दिशेने गेला. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम थांबविला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले, तरी वर्गातील मौन सुटले नाही. २०२१ हे वर्ष या विसंगतीचे प्रतीक ठरावे. त्या वर्षी छत्तीसगढ पोलीस दलात १३ तृतीयपंथी व्यक्तींची शिपाई म्हणून निवड झाली. त्याच वर्षी शालेय शिक्षणात तृतीयपंथी मुलांना सामावून घेण्यासंबंधी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तयार केलेली शिक्षकपुस्तिका आक्षेपांनंतर संकेतस्थळावरून हटविण्यात आली. प्रौढाला गणवेश मिळाला, मुलाला साधे स्पष्टीकरणही नाही.

छत्तीसगढचा उल्लेख भाषिक दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असलेल्या या प्रदेशात मराठी घरे आहेत, पण शाळेची भाषा हिंदी आहे. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत वाढणाऱ्या मराठी मुलाला आपल्या शरीराविषयी आणि ओढीविषयी विचारायचे झाल्यास घरच्या भाषेत संकोच, शाळेच्या भाषेत मौन आणि रस्त्यावरच्या भाषेत शिवी, एवढेच पर्याय उरण्याचा धोका असतो. सर्वसमावेशक लैंगिक शिक्षणाची पहिली अट म्हणूनच परिभाषेची आहे : ज्या शब्दात अपमान नाही, असा शब्द मुलाच्या हाती असला पाहिजे.

कर्व्यांच्या प्रश्नोत्तरांचे महत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते. काय शिकवावे हे त्यांत आधी ठरलेले नव्हते. कोणी काय विचारले, यावरून ते ठरत असे. अभ्यासक्रमाने घ्यावा असा वारसा हाच आहे.