न्यू लॅनार्कचा मालक

माणसे कामास नेमणे, त्यांजकडून काम करून घेणे व त्यांची गाऱ्हाणी ऐकणे या व्यवहारास आज मनुष्यबळ-व्यवस्थापन असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी त्यातील पेच जुनाच आहे. मालकाची सदसद्विवेकबुद्धी आणि त्याची खातेवही यांत विरोध आला असता कोणाचे ऐकावे? या प्रश्नाचा पुष्कळसा उलगडा स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरण्यांच्या इतिहासात होतो.

1800 सालच्या आरंभी रॉबर्ट ओवेन याने या गिरण्यांचा कारभार हाती घेतला, तेव्हा तेथे अनाथ व निराधार अशी सुमारे पाचशे मुले राबत होती. अशी मुले आणणे त्याने बंद केले आणि दहा वर्षांखालील मुलास कामास न लावण्याचा नियम घातला. मारहाणीऐवजी त्याने प्रत्येकाच्या जागेपाशी चार रंगांचा एक लहानसा लाकडी ठोकळा टांगला. काळी बाजू पुढे असली की आदल्या दिवसाचे वर्तन वाईट, निळी असली तर बेताचे, पिवळी असली तर चांगले आणि पांढरी असली तर उत्तम. हा शेरा ज्यास अन्यायाचा वाटे त्यास खुद्द ओवेनकडे दाद मागता येई.

एवढ्याने कामगारांचा विश्वास बसला नाही; आणि तो बसावा तरी का? वेल्समधून आलेला हा परका मनुष्य गोड बोलून अधिक पिळून घेणार, अशीच त्यांची समजूत होती. तिचे निरसन उपदेशाने झाले नाही, तोट्याने झाले. ओवेनने आत्मचरित्रात ही हकीकत 1806 सालची म्हणून दिली आहे. अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे कापूस अतिशय महागला व पुष्कळ गिरणीवाल्यांनी कामगारांस घरी बसविले. ओवेननेही सूत काढणे थांबविले. परंतु यंत्रे स्वच्छ राखण्यापलीकडे काही काम नसता चार महिने सर्वांस पूर्ण वेतन दिले. यापायी सात हजार पौंडांहून अधिक रक्कम गेली. मात्र कामगारांचे मन त्यास लाभले.

भागीदारांस हा मार्ग रुचण्याजोगा नव्हता. शाळेवरील खर्चावरून वाद विकोपास जाऊन 1813 साली गिरण्या लिलावात निघाल्या. विल्यम ॲलन, जेरेमी बेंथॅम आदी नवे भागीदार मिळवून ओवेनने त्या 1,14,100 पौंडांस राखल्या. भांडवलावर शेकडा पाचच घ्यावे आणि उरलेला नफा कामगारांच्या हिताकडे लावावा, असे ठरले.

तथापि गिरणीच्या कारभारात कामगारांस मत नव्हते. ठोकळा फिरविणारा हात वरिष्ठाचाच होता. एका मालकाच्या सौजन्याने इतर गिरण्यांतील मुले सुटत नाहीत, हे ओवेननेही ओळखले व 1815 पासून कायद्यासाठी खटपट केली. 1819 साली पार्लमेंटने सूतगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुले ठेवण्यास बंदी केली. पण तपासणीची खरी सोय नसल्यामुळे तो कायदा दुबळाच राहिला. तात्पर्य, अधिकाऱ्याच्या नीतीची कसोटी नुकसानीच्या दिवसांत लागते खरी. परंतु ती नीती नियमात उतरली नाही आणि नियमाला पहारेकरी मिळाला नाही, तर तिचा लाभ त्या एका अधिकाऱ्याच्या कारकिर्दीपुरताच उरतो.