नकाशावरची लाल रेघ आणि शिकागोतील कर्करोग

१९८० साली शिकागो शहरात स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय स्त्रियांत जवळजवळ सारखे होते. २००३ साली तेच प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत ६८ टक्क्यांनी अधिक होते. शिकागोतील काही संशोधकांनी २००७ मध्ये हे आकडे प्रसिद्ध केले. त्यांतील दुसरा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. मला मात्र पहिला आकडा अधिक बोलका वाटतो. तेवीस वर्षांत कोणत्याही मानवसमूहाची आनुवंशिक घडण बदलत नाही. मग या काळात बदलले काय? या प्रश्नाचा मागोवा घेत गेले की वैद्यकाच्या इतिहासातून आपण घरांच्या, रस्त्यांच्या आणि जमिनींच्या इतिहासात जाऊन पोहोचतो.

रोगाचे मूळ वंशात शोधावे की वस्तीत, हा वाद अमेरिकेत शतकाहून जुना आहे. प्रुडेन्शियल या विमा कंपनीत संख्याशास्त्रज्ञ असलेल्या फ्रेडरिक हॉफमन यांनी १८९६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वंशगुणांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीयांचा वाढीव मृत्युदर त्यांच्या राहणीच्या परिस्थितीतून येत नसून वंशातूनच येतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. हा सिद्धान्त कंपनीच्या सोयीचा होता, हे सांगितलेच पाहिजे. १८८१ पासून ही कंपनी कृष्णवर्णीयांकडून हप्ता गोऱ्यांइतकाच घेई आणि मृत्यूनंतर देय रक्कम मात्र एक-तृतीयांशाने कमी देई. पुढे याच हॉफमन यांनी १९१३ मध्ये कर्करोगाच्या धोक्यावर केलेल्या भाषणातून अमेरिकेतील पहिल्या राष्ट्रीय कर्करोगविरोधी संस्थेच्या स्थापनेला चालना मिळाली. कर्करोग हा सुधारलेल्या समाजाचा रोग आहे, ‘आदिम’ वंशांत तो क्वचितच आढळतो, असे ते मानीत. म्हणजे क्षयाने कृष्णवर्णीय मेले तर दोष त्यांच्या वंशाचा, आणि कर्करोगाने मेले तर त्याची नोंद घेण्याचेच फारसे कारण नाही, अशी ही विचारसरणी.

हॉफमन यांच्या ग्रंथाचा समाचार घेणाऱ्यांत विल्यम ड्यू बॉइस हे अग्रणी होते. १८९६-९७ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातील कृष्णवर्णीयांची घरोघर जाऊन पाहणी केली आणि १८९९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. कोंदट खोल्या, सांडपाण्याची दुरवस्था, अपुरे अन्न आणि कमी मजुरी यांतून मृत्युदराचा बराचसा उलगडा होतो, असे त्यांनी दाखवून दिले. (याच ड्यू बॉइस यांना डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली होती.) ड्यू बॉइस यांचा रोख मुख्यतः क्षयावर होता. कर्करोगाला त्यांची पद्धत लागू पडण्यास आणखी बराच काळ जावा लागला, आणि त्या पडताळ्यासाठी शिकागोइतके योग्य शहर दुसरे सापडणे कठीण.

शिकागोत १९१० साली सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय राहत होते. १९७० पर्यंत ही संख्या ११ लाखांच्या वर गेली. दक्षिणेकडील कापसाच्या शेतांतून आणि तेथील दहशतीतून सुटका शोधत ही माणसे उत्तरेच्या कारखान्यांकडे आली. त्यांना काम मिळाले, पण राहण्याची मुभा शहराच्या दक्षिण भागातील एका अरुंद पट्ट्यातच होती. १९१९ च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवरात पोहताना एक कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या किनाऱ्याकडे वाहत गेला, त्याच्यावर दगडफेक झाली आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली. पाण्यातसुद्धा सीमा होती! पुढे दंगलीचे काम दस्तऐवजांनी केले. हे घर कृष्णवर्णीयांस विकू नये वा भाड्याने देऊ नये, अशी अट मालमत्तेच्या करारांतच घातली जाऊ लागली. न्यायालयांनी अशा अटींची अंमलबजावणी करू नये, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, तोवर एक पिढी सरली होती.

१९३३ साली सरकारने गृहकर्जदारांच्या साह्यासाठी एक महामंडळ स्थापन केले. (श्रीमंत सयाजीराव महाराजांनी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत भाषण केले, तेही याच वर्षी.) या महामंडळाने शहरोशहरीच्या वस्त्यांची प्रतवारी करून नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, घसरणीस लागलेली पिवळी आणि कर्जाच्या दृष्टीने धोक्याची लाल. पाहणीच्या छापील अर्जात कृष्णवर्णीय रहिवाशांची टक्केवारी लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना होता. शिकागोतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल झाल्या. सारा दोष या नकाशांच्या माथी मारणे योग्य होणार नाही, अशी काही इतिहासकारांनी दिलेली सूचना रास्त आहे. हे नकाशे फार थोड्यांनी पाहिले होते, आणि खुद्द या महामंडळाने लाल भागांतही कर्जे दिली होती. अधिक हानी केली ती १९३४ च्या गृहनिर्माण प्रशासनाने. ज्या कर्जांना ते सरकारी हमी देई, त्यांतून कृष्णवर्णीय वस्त्या पद्धतशीरपणे वगळल्या गेल्या. नकाशा हे त्या धोरणाचे उघडे पडलेले चित्र होय. गावकुसाबाहेरची वस्ती हा शब्दप्रयोग ज्यांच्या भाषेत आहे, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. १९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीतील भेदभाव बेकायदा ठरला. पण ज्या घराला तीस-पस्तीस वर्षे कर्ज मिळाले नाही, त्या घराची किंमत, त्या वस्तीतील दुकाने, दवाखाने आणि डॉक्टर कायद्याने परत येत नाहीत.

वस्ती शरीरात शिरते ती अनेक वाटांनी. हवा ही त्यांतील सर्वांना प्रथम सुचणारी वाट. शहराच्या दक्षिण टोकाला १९४५ साली युद्धावरून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी अल्टगेल्ड गार्डन्स ही सरकारी वसाहत बांधली गेली. तिच्या भोवती पोलादाचे कारखाने, कचऱ्याची मैदाने आणि सांडपाण्याचे केंद्र. तेथील हेझेल जॉन्सन यांचे पती १९६९ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. दहा वर्षांनी या बाईंनी शेजारणींना जमवून संघटना उभी केली, दारोदार फिरून आजारांच्या नोंदी केल्या आणि आपल्या वसाहतीला ‘विषारी कडे’ म्हटले. १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाविषयीच्या आदेशावर सही केली, त्यामागील चळवळीत त्यांचा वाटा मोठा होता. तरीही अमुक कारखान्याच्या धुरामुळे अमुक माणसाला कर्करोग झाला, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. रोग वीस-तीस वर्षांनी उमटतो, तोवर कारखाना बंद झालेला असतो आणि माणसाने घरही बदललेले असते. हवेच्या वाटेचा पुरावा म्हणून नेहमी अपुरा राहतो. ती वाट खोटी आहे असे त्यावरून ठरत नाही.

स्तनाच्या कर्करोगाचे मात्र तसे नाही, आणि येथेच १९८० चा तो आकडा उलगडू लागतो. तोवर वैद्यकाच्या हाती फारसे काही नव्हते. गाठ हाताला लागावी, शस्त्रक्रिया व्हावी आणि मग वाट पाहावी. श्रीमंत वस्तीतील बाई आणि गरीब वस्तीतील बाई यांच्यापुढे असमर्थ वैद्यक सारखेच उभे होते. १९७७ साली टॅमॉक्सिफेन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, १९८० नंतर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, सर्वत्र पसरली, औषधोपचार सुधारले. गोऱ्या स्त्रियांचा मृत्युदर खाली येऊ लागला. शिकागोतील कृष्णवर्णीय स्त्रियांचा दर मात्र जवळपास जागच्या जागी राहिला. त्यांची प्रकृती खालावली म्हणून ही दरी पडली नाही. दुसऱ्या बाजूला आलेली सुधारणा त्यांच्या वस्तीपर्यंत पोहोचली नाही म्हणून पडली. दुष्ट हेतूचा एकही माणस मध्ये नसताना हे घडू शकते, हे मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते.

मॅमोग्राफी म्हणजे केवळ यंत्र नव्हे. छबी नीट टिपणारा तंत्रज्ञ हवा, दिवसभर केवळ याच छब्या पाहणारा तज्ज्ञ हवा, संशय आल्यास बाईला चार दिवसांत परत बोलावणारी व्यवस्था हवी, आणि मग ऊतकाची तपासणी व शस्त्रक्रिया हव्यात. या साखळीतील एक कडी सुटली तरी पहिल्या तपासणीचा उपयोग उरत नाही. शिकागोत कृष्णवर्णीय स्त्रिया ज्या केंद्रांत जात, तेथे स्तनचिकित्सेचे खास तज्ज्ञ आणि नवी अंकीय यंत्रे असण्याची शक्यता कमी होती. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी योजनेतून या तपासणीचे मिळणारे पैसे इतके थोडे होते की केंद्रांना ती नकोशी वाटे. म्हणजे बाईने तपासणी करून घेतली, निष्कर्ष ‘काही नाही’ असा आला आणि गाठ तशीच वाढत राहिली, असेही होऊ शकत होते. अज्ञानामुळे स्त्रिया तपासणीस येत नाहीत, हे सोपे उत्तर येथे टिकत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. संप्रेरकांना दाद न देणारा, ‘तिहेरी ऋण’ म्हणून ओळखला जाणारा उग्र प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांत सुमारे दुपटीने आढळतो. पश्चिम आफ्रिकेतील स्त्रियांतही त्याचे प्रमाण मोठे आहे. जीवशास्त्राचा वाटा आहेच. परंतु ज्या प्रकारावर उत्तम औषधे उपलब्ध आहेत त्यातही मृत्यूंची दरी मोठी आहे, हे कसे? शिवाय जीवशास्त्रच सारे ठरवीत असते, तर शहराशहरांत ही दरी सारखी दिसली असती. अमेरिकेतील २५ मोठ्या शहरांच्या २०१२ च्या अभ्यासात ती मेम्फिसमध्ये दुपटीहून अधिक आढळली, तर न्यूयॉर्कमध्ये पुष्कळच कमी. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी तर या दोन्ही बाजूंमधील भिंतच पोखरली. एकटे ठेवलेल्या मादी उंदरांत स्तनाच्या गाठी अधिक व मोठ्या होतात असे त्यांना आढळले, आणि भीतीने दार लावून बसावे लागणाऱ्या दक्षिण शिकागोतील स्त्रियांच्या एकाकीपणाकडे त्यांनी त्या दृष्टीने पाहिले. उंदरांवरून माणसांविषयी निर्णय देण्याची घाई करू नये; पण जीवशास्त्र आणि वस्ती ही दोन वेगळी खाती आहेत, हा समज त्यामुळे नक्कीच डळमळीत होतो.

२००७ चे आकडे बाहेर आल्यावर शिकागोतील डॉक्टर, परिचारिका, संशोधक आणि रोगमुक्त झालेल्या स्त्रिया यांनी मिळून एक कृतिदल उभारले. रुग्णालयांनी आपापल्या तपासण्यांच्या गुणवत्तेची माहिती एकत्र केली, हे त्यातील विशेष; असे स्वतःचे उणे दाखवावयास संस्था सहसा तयार नसतात. २००९ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा करून मेडिकेडचे तपासणीदर वाढवले. स्त्रियांना हाताला धरून एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नेणाऱ्या मार्गदर्शिका नेमल्या गेल्या. कृष्णवर्णीयांची लोकसंख्या सर्वाधिक असलेल्या दहा शहरांची १९९९ ते २०१३ या काळातील तुलना २०१७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा दरी लक्षणीयरीत्या घटलेली दिसली ती शिकागोत.

ती मिटलेली मात्र नाही. राष्ट्रीय पातळीवर आजही कृष्णवर्णीय स्त्रियांना हा रोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी प्रमाणात होतो आणि त्यामुळे येणारा मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी अधिक असतो. दक्षिण शिकागोतील मायकेल रीस रुग्णालय २००९ मध्ये बंद झाले. १८५२ साली स्थापन झालेले मर्सी रुग्णालय बंद करण्याची घोषणा २०२० मध्ये, महामारी चालू असतानाच झाली. रहिवासी रस्त्यावर आले, आणि २०२१ मध्ये दुसऱ्या एका संस्थेने ते चालवावयास घेतले.