नोंद नाही, म्हणजे काम नाही? हजेरीच्या घड्याळाची कथा

१/
कामगार वेळेवर आला, दिवसभर राबला. पण हजेरीच्या यंत्रात पंच उमटलाच नाही, किंवा चुकीचा उमटला. मग त्या नोंदीची किंमत कोणी मोजायची? हा प्रश्न बायोमेट्रिक यंत्रांपेक्षा बराच जुना आहे.

२/
१८९० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील विलर्ड बंडी या जवाहिऱ्याचे हजेरीचे घड्याळ प्रचारात आले. प्रत्येक कामगाराला क्रमांकाची किल्ली मिळे. ती फिरवताच कागदी पट्टीवर क्रमांक आणि वेळ छापली जाई. मुकादमाच्या मर्जीऐवजी छापील पुरावा हाती आला. तरीही छापलेली वेळ आणि पगारासाठी धरलेली वेळ यांत अंतर उरलेच.

३/
मिशिगनमधील माउंट क्लेमेन्स पॉटरी या भांड्यांच्या कारखान्यात सुमारे १,२०० कामगार होते. तेथे आत येतानाचा पंच पुढच्या पाव तासावर ढकलला जाई आणि बाहेर पडतानाचा मागच्या पाव तासावर ओढला जाई. सकाळी ६:४६ ला आत, १२:१४ ला बाहेर, पुन्हा १२:४६ ला आत आणि ४:१४ ला बाहेर, अशा कामगाराचे आठच तास धरले जात. घड्याळाच्या हिशेबापेक्षा ५६ मिनिटे कमी!

४/
१९३८ च्या अमेरिकी कायद्याने कामाच्या तासांची नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक केले होते. त्याच्या आधारे कामगार न्यायालयात गेले. अडचण अशी की घड्याळाची वेळ म्हणजे नेमकी कामाची वेळ नव्हती. रांगेत पंच करणे, जागेपर्यंत चालणे, एप्रन चढवणे यांत किती मिनिटे गेली, याची नोंद नव्हती. अपील न्यायालयाने अचूक पुराव्याचे ओझे कामगारांवरच टाकले.

५/
जून १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ओझे फिरवले. न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांच्या निकालाचे सार असे: नोंद ठेवण्याचे कर्तव्य मालकाचे, ती अपुरी असेल, तर कामगाराने वाजवी अनुमान निघेल एवढा पुरावा द्यावा. ते खोडण्याची जबाबदारी मग मालकाची. स्वतःच्या सदोष नोंदीचा लाभ त्याला मिळू नये.

६/
विजय मात्र अर्धाच ठरला. १९४७ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने ही मिनिटे क्षुल्लक ठरवून दावा फेटाळला. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा करून कामाच्या जागेपर्यंत चालण्यासारखा वेळ बहुतांशी पगारातून वगळला. पुराव्याचे तत्त्व तेवढे टिकले; २०१६ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेतला.

७/
बंडींच्या कंपनीचा वारसा विलीनीकरणांतून १९११ मध्ये एका नव्या कंपनीत आला. १९२४ मध्ये तिचे नाव आयबीएम झाले. याच आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची संकल्पना मांडली. हरवलेल्या माहितीसाठी त्यांनी ‘नल’चा आग्रह धरला: नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी अक्षरेही नव्हेत, नल म्हणजे ‘ठाऊक नाही’.

८/
न्यायाधीश आणि गणितज्ञ वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचले. हरवलेल्या पंचाच्या जागी शून्य तास लिहिणे ही दुरुस्ती नव्हे, तो एकतर्फी निवाडा आहे. मूळ नोंद पुसू नये. दुरुस्ती कोणी, केव्हा, कशाच्या आधारे केली, ते शेजारी लिहावे. वहीतली रिकामी जागा कामगाराच्या गैरहजेरीचा पुरावा नसते. कित्येकदा ती वही ठेवणाऱ्याच्या हयगयीचाच पुरावा असते.