लाल त्रिकोण आणि माझी सही



मी पडलो इंदूरचा, बी.कॉम. करून बँकेत चिकटलेला माणूस. शेतीशी माझा संबंध कर्जखात्यापुरता. तरी आज शेतीच्या विषारी औषधांवरच्या लेबलांचा इतिहास लिहायला बसलोय, कारण त्या लेबलाने एकदा माझी परीक्षा घेतली आणि मी सपशेल नापास झालो.

१९७९ चा पावसाळा. माझी बदली निमाडात, खरगोनकडच्या एका लहान शाखेत झाली होती. सगळा कपाशीचा मुलूख. बी-बियाणे, खत आणि फवारणीचे औषध विकणाऱ्या एका दुकानदाराला आमची कॅश क्रेडिट होती, म्हणून महिन्यातून एकदा मी त्याच्या गोदामात माल तपासायला जायचो. त्या दिवशी नेमकी मालाची ट्रॉली आली. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, तळाला औषधाचे डबे, त्यांच्यावर शेजारच्या किराणेवाल्याची आट्याची पोती. भाडे वाचते ना! दोनेक डबे वाटेत चेपून गळत होते.

मी डबे मोजले, बिलाच्या दराने गुणले, मार्जिन वजा केले आणि रजिस्टरवर सही ठोकली. माल उतरवणारा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा डब्यावर बोट ठेवून म्हणाला, "बाबूजी, ये लाल-लाल क्या बना है?" मी मान वर न करता सांगितले, "कंपनी का निशान होगा."

संध्याकाळी तो पोरगा सरकारी दवाखान्यात. घामाने निथळलेला, तोंडाला फेस, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. ओले झालेले पोते त्याने उघड्या पाठीवर वाहिले होते. डॉक्टर विचारत होते, औषध कुठले? कुणालाच सांगता येईना. दुकानदार गावाला गेलेला. इंग्रजी वाचणारा मी एकटा, म्हणून बॅटरी घेऊन मला गोदामात पिटाळले. डब्यावर लिहिले होते, मिथिल पॅराथिऑन. खाली विषबाधेची लक्षणे आणि त्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन. सगळे छापलेले! सकाळी मी त्याच लेबलावरचा बॅच नंबर उतरवून घेतला होता. कवटी, हाडे आणि लाल त्रिकोण मात्र मला दिसले नव्हते.

पोरगा वाचला. पण दवाखान्यातल्या सिस्टरने पोत्यांचे ऐकले मात्र, ती ताडकन म्हणाली, "वो आटा कहाँ गया?" ती केरळची होती. रात्रीच किराणेवाल्याला उठवून ती पोती बाजूला काढली आणि दुसऱ्या दिवशी गावाबाहेर पुरली. एक पोते सुटे करून विकायला नुकते उघडले होते. आजही ते आठवले की पोटात गोळा येतो.

ती सिस्टर का दचकली, ते तिने मग सांगितले. १९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात शंभराहून अधिक माणसे अन्न खाऊन दगावली. जहाजातून पीठ आणि साखर येत असताना फॉलिडॉल नावाचे कीटकनाशक त्याच जहाजात होते. फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन. ते गळले आणि पोत्यांत मुरले. म्हणजे आमच्या ट्रॉलीत घडले तेच, फक्त शेकडो पटींनी मोठे. चौकशीसाठी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. पुढे आणीबाणीच्या चौकशीचा शहा आयोग गाजला, तेच हे शहा.

त्या प्रकरणातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. डब्यावरचा तो चौकोन याच नियमांतला. टोकावर उभा केलेला, बर्फीच्या आकाराचा. खालच्या अर्ध्या भागाला विषाच्या जोरानुसार रंग: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लालवर कवटी आणि 'विष' हा शब्दही हवा. चौकोन लेबलाच्या किमान एक सोळांश भागाएवढा हवा, इतके बारीक मोजमाप दिलेले. शिवाय स्पष्ट लिहिले आहे की कीटकनाशकाचा खाद्यपदार्थाशी किंवा जनावरांच्या चाऱ्याशी संपर्क येईल अशी वाहतूक करायची नाही, आणि वाटेत गळती झाली तर विषबाधा टाळण्याची जबाबदारी वाहतूकदाराची. म्हणजे आमची ट्रॉली निघाली तेव्हा हा नियम आठ वर्षांचा होता. रंग ठेवला तो ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी. त्या पोराने रंग बरोबर हेरला होता. त्याला चुकीचा अर्थ सांगितला तो पदवीधराने!

नंतर आले १९८४, २ आणि ३ डिसेंबरमधली रात्र. भोपाळचा तो कारखानाही शेतीचे औषधच बनवत होता, सेविन नावाचे. त्यासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट ६१० नंबरच्या टाकीतून सुटले आणि हजारो माणसे गेली. माझी मावसबहीण तेव्हा भोपाळला होती. ती सांगायची, लोक खोकत, डोळे चोळत पळत होते, पण वायू कुठला हे कुणालाच ठाऊक नव्हते. माझ्या कानात पुन्हा तोच प्रश्न: औषध कुठले?

भोपाळनंतर पाच वर्षांनी, १९८९ च्या मोटार वाहन नियमांत, धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी कलमे आली. दोन्ही बाजूंना आणि मागे फलक लावायचा. त्यावर रसायनाचे नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, २५० मिलिमीटर चौरसाचे धोक्याचे चिन्ह आणि आणीबाणीचे फोन नंबर. निवृत्तीनंतर ए. बी. रोडवर टँकर दिसला की मी क्रमांक वाचतो. १००५ म्हणजे अमोनिया. नातू हसतात, हसू देत.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत, आयोवाला गेलो होतो. तिथे अमोनिया खत म्हणून थेट जमिनीत सोडतात. शेताच्या कडेला ट्रेलरवर पांढरी टाकी उभी होती. चारही बाजूंना चौकोन, त्यात तोच १००५, शेजारी रसायनाचे नाव आणि श्वासातून धोका असल्याचा इशारा. टाकीसोबत पाच गॅलन, म्हणजे आपले साधारण १९ लिटर, साधे पाणी. डोळ्यांत वायू गेला तर ताबडतोब धुवायला. जावईबापूंना वाटले, सासरे यंत्र बघतायत. मी ते पाणी बघत होतो.

कारण निमाडात मी पाहिले आहे, ज्या टाकीत फवारणीचे औषध कालवले तीच टाकी विसळून, ट्रॉलीवर चढवून लग्नघरी पाणी भरायला नेलेली. डब्यावरचा लाल त्रिकोण डब्याबरोबर उकिरड्यावर गेलेला आणि टाकी कोरी. विष डब्यातून टाकीत गेले, पण खूण मागेच राहिली.

म्हणून ज्यांची निमाडात, बेळगावकडे, बडोद्याकडे अजून शेती आहे त्यांना हात जोडून सांगतो. औषधाची टाकी वेगळी ठेवा आणि तिच्यावर लाल रंगाने मोठा चौकोन काढा. पाण्यासाठी ती कधीच वापरू नका. आणि कुणी विचारलेच, "ये लाल-लाल क्या बना है?", तर मान वर करून नीट उत्तर द्या.